समेवर सुटायचं: ड्रॅग रेसमधला रिअ‍ॅक्शन टाइम आणि रेसच्या दोन दिवसांच्या सवयी

भाचा मध्यंतरी ड्रॅग रेसची (दोन गाड्यांची सरळ रस्त्यावरची शर्यत) टाइमस्लिप, म्हणजे वेळांचा छापील कागद, घेऊन आला, इंदूरला सुदामा नगरमध्ये आमच्या ओटल्यावर बसला, कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "मामा, हे बघ, माझी गाडी १४.२० सेकंदांत गेली, समोरचा १४.३५ ला गेला, आणि जिंकला तो. यांचं मशीनच खराब असेल ना?" मशीन ठीक होतं. उत्तर त्याच कागदावर सगळ्यात वरच्या ओळीत छापलेलं होतं, फक्त ती ओळ कोणी वाचत नाही, सगळ्यांची नजर सरळ खाली ईटी (गाडीला अंतर कापायला लागलेला वेळ) आणि स्पीडवर जाते. भाच्याचा रिअ‍ॅक्शन टाइम (हिरवा लाइट लागल्यापासून सुटेपर्यंतचा वेळ) ०.१८०, समोरच्याचा ०.०१५. बेरीज करा, भाचा १४.३८०, समोरचा १४.३६५. म्हणजे ०.०१५ सेकंदाने हरला, आणि शेवटच्या रेषेवर गाडी दीडशेच्या आसपास असेल तर हे अंतर होतं दोन फूट. गाडी फास्ट होती, तिला निघायला उशीर झाला होता.

हे इतक्या जणांना समजावून झालंय की म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं, कारण आपल्याकडे पोरं एक्झॉस्टवर, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मॅपिंगवर, स्प्रॉकेटवर हजारो रुपये घालतात, आणि स्टार्ट लाइनवर जो दीड दशांश सेकंद फुकट पडलेला असतो तो तसाच सोडून येतात.

पहिली गोष्ट, ड्रॅग रेसमध्ये दोन घड्याळं असतात आणि ती वेगवेगळी चालतात. हिरवा लागला की एक घड्याळ सुरू होतं, ते तुमचं पुढचं चाक स्टार्ट लाइनवरच्या बीममधून (प्रकाशाच्या किरणातून) बाहेर पडेपर्यंत चालतं, तो तुमचा रिअ‍ॅक्शन टाइम. चाक बाहेर पडलं की दुसरं सुरू होतं, ते शेवटच्या रेषेपर्यंत, ती ईटी, म्हणजे एलॅप्स्ड टाइम. क्वार्टर माइल म्हणजे १३२० फूट, आपल्या भाषेत ४०२ मीटर. हिरवा लागल्यावर तुम्ही पाच सेकंद तिथेच उभे राहिलात तरी ईटीवर काहीही परिणाम होणार नाही, स्लिपवर तितकीच सुंदर ईटी येईल, पण रेस कधीच गेलेली असेल. हळू गाडीवाला लवकर सुटून जिंकला तर त्याला होलशॉट म्हणतात, आणि भाच्याला तोच बसला होता.

आता लाइट्सचा तो खांब, ज्याला सगळे ट्री म्हणतात, ख्रिसमस ट्री. अमेरिकेत एनएचआरए नावाची संस्था १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी सुरू केली, त्यांच्याकडे हा ट्री १९६३ पासून आला, त्याआधी झेंडा दाखवणारा माणूस असायचा. वरती दोन छोटे बल्ब, प्री-स्टेज आणि स्टेज. रस्त्यावर आडव्या दोन किरणांच्या रेषा असतात, एकीपासून दुसरी सात इंचांवर, पुढच्या चाकाने पहिली अडवली की प्री-स्टेज पेटतो, दुसरी अडवली की स्टेज. दोघंही स्टेज झाले की खाली तीन पिवळे, मग हिरवा. हिरव्याच्या आधी सुटलात तर लाल, आणि खेळ संपला.

पिवळे दोन पद्धतींनी लागतात. फुल ट्री असेल तर एकामागून एक, प्रत्येकात अर्ध्या सेकंदाचं अंतर, शेवटच्या पिवळ्यानंतर अर्ध्या सेकंदाने हिरवा. प्रो ट्री असेल तर तिन्ही पिवळे एकदम, आणि ०.४ सेकंदाने हिरवा. कुठे जाताय तिथे कोणता ट्री आहे हे आधी विचारून घ्या, कारण दोन्हीचं तंत्र वेगळं आहे आणि खूप जण तिथे जाऊन बघतात.

आणि आता ती गोष्ट, जी कळली की बाकी सगळं आपोआप लागतं. हिरवा बघून सुटायचं नसतं. हिरवा दिसला आणि मग क्लच सोडला तर तुमचा आरटी (रिअ‍ॅक्शन टाइम) अर्ध्या सेकंदाच्या पुढे येतो, कितीही चपळ असलात तरी. का ते बघू. डोळ्याने उजेड बघितला, तो सिग्नल मेंदूत गेला, मेंदूने हाताला सांगितलं, बोटं हलली, यात साध्या निरोगी माणसाचे ०.२० ते ०.२५ सेकंद जातात (कानाचं काम जरा लवकर होतं, साधारण ०.१५, पण ट्री काही आवाज करत नाही). मग क्लचच्या केबलचा ढिलेपणा, चेनचा ढिलेपणा, टायर दबणं, त्यात अजून ०.०४ वगैरे. आणि मग गाडीला प्रत्यक्ष हलायचं असतं, कारण चाक बीममध्ये उभं असतं आणि बाहेर पडायला त्याला साधारण २५ सेंटीमीटर पुढे सरकावं लागतं, याला रोलआउट म्हणतात. बाइकने सुरुवातीला सहा मीटर प्रति सेकंद वर्गाने वेग धरला तर २५ सेंटीमीटरला ०.२९ सेकंद लागतात, बारावीच्या फिजिक्सचं गणित आहे, करून बघा. बेरीज, ०.२० अधिक ०.०४ अधिक ०.२९, म्हणजे ०.५३.

तर फुल ट्रीमध्ये शेवटचा पिवळा पेटला की तुम्ही सुटता. हिरवा ०.५० ला लागतो, तुमचं चाक ०.५३ ला बाहेर पडतं, स्लिपवर येतं ०.०३०. बढिया. तुमची नजर, बोटं आणि गाडी मिळून ०.५३ घेतात आणि ट्री तुम्हाला ०.५० देतो, सगळा खेळ या दोन आकड्यांच्या मधला आहे. प्रो ट्रीला मात्र तो ०.४० च देतो, म्हणून तीच गाडी, तोच माणूस, आरटी येईल ०.१३०, आणि तिथे घाई करून लाल लागायची भीती जवळजवळ नसते, तिथे जितकं लवकर होईल तितकं करायचं. हा फरक न कळल्यामुळे पोरं प्रो ट्रीला घाबरून बसतात आणि फुल ट्रीला उतावळी होतात, नेमकं उलटं.

माझे काका रामबागेत तबला शिकवायचे, लहानपणी मला बसवून ठेवायचे, मला काही तबला आला नाही पण एक गोष्ट डोक्यात राहिली की सम (तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा) ऐकून समेवर येता येत नाही. सम आली हे कळेपर्यंत ती गेलेली असते. तिहाई (तीनदा वाजवून समेवर संपवायचा तुकडा) आधीच उचलावी लागते, कुठून उचलायची ते पक्कं असावं लागतं, आणि मग ती बरोबर समेवर पडते. हिरवा म्हणजे सम. शेवटचा पिवळा म्हणजे तिहाई उचलायची जागा. आणि गंमत बघा, फुल ट्रीचे पिवळे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने लागतात म्हणजे मिनिटाला १२० मात्रा झाल्या, पहिले दोन पिवळे तुम्हाला लय देतात, तिसऱ्यावर हात चालायला पाहिजे. धावण्याच्या शर्यतीत हे चालत नाही, तिथे पिस्तुलाच्या आवाजानंतर ०.१०० सेकंदाच्या आत हलला तर अंदाजाने सुटला म्हणून बाद करतात, युसेन बोल्टचा २००९ मध्ये बर्लिनला ९.५८ चा जो विक्रम झाला त्यात त्याचा रिअ‍ॅक्शन टाइम ०.१४६ होता. आपल्याला मात्र ट्री आधी सांगून ठेवतो की हिरवा कधी येणार आहे, मग ती माहिती वापरायचीच. एक लक्षात ठेवा, स्टेज झाल्यापासून पहिला पिवळा लागेपर्यंतचा वेळ दर वेळी सारखा नसतो, त्यामुळे स्टेजपासून मोजत बसू नका, लय पहिल्या पिवळ्यापासून सुरू होते.

लयीवर पूर्ण विसंबायचं का? माझं मत, नाही. लय डोक्याला तयार ठेवते, पण हात सोडायचा तो शेवटचा पिवळा डोळ्याला दिसला की, नाहीतर उत्साहात लय आपोआप चढते (तबलेवाल्यांना विचारा) आणि लाल लागतो. नजर फक्त त्या एका बल्बवर. वरचे दोन पिवळे नजरेच्या कडेला जाणवतात तेवढे पुरे. काही जण हेल्मेटच्या व्हायझरवर टेप लावून वरचा भाग झाकतात, करून बघायला हरकत नाही, पण टेक इन्स्पेक्शनवाल्यांना (गाडी आणि सामान तपासणाऱ्यांना) आधी विचारा. आणि पापणी, एक पापणी लवली की डोळा ०.१ सेकंद किंवा जास्त बंद असतो, म्हणून स्टेज होण्याच्या आधी मुद्दाम दोनदा डोळे मिटून घ्या. जुन्या बल्बचा ट्री आणि एलईडीचा ट्री यातही फरक आहे, जुन्या बल्बची तार तापून उजेड यायला थोडा वेळ लागतो, एलईडी झटकन लागतो, त्यामुळे एलईडीवर त्याच माणसाचा आरटी कमी येतो आणि सवय नसेल तर लाल लागतो.

डोक्यात एकच काम ठेवायचं, हे फार महत्त्वाचं आहे. मेंदूला जितके पर्याय द्याल तितका तो वेळ घेतो, मानसशास्त्रात हिकचा नियम म्हणून हे १९५२ पासून शिकवतात. तिसरा पिवळा लागायच्या क्षणी तुम्ही आरपीएम बरोबर आहे का, समोरचा स्टेज झाला का, क्लच बाईट पॉइंटवर (जिथे तो पकडायला लागतो) आहे का, हे बघत असाल तर ती सगळी प्रश्नं रांगेत उभी राहतात आणि सुटायचं काम त्यांच्या मागे. आरपीएम आधी धरा, क्लच आधी बाईटच्या जवळ आणा, बाजूच्या लेनकडे बघणं बंद, मग स्टेजचा बल्ब पेटवा. पेटवल्यानंतर ठरवायचं काही उरता कामा नये. भाच्याने कबूल केलं की त्या रेसमध्ये तो समोरच्याच्या गाडीचा आवाज ऐकून स्वतःचे आरपीएम वाढवत होता. ०.१८० तिथेच गेला.

आता स्टेजिंग, हा भाग कोणी शिकवत नाही आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. स्टेजचा बल्ब जेमतेम पेटला आणि थांबलात तर त्याला शॅलो म्हणतात. चाक बीममधून बाहेर पडायला जास्त सरकणार, आरटी वाढणार, पण तेवढा वेग ईटीचं घड्याळ सुरू व्हायच्या आधीच मिळतो म्हणून ईटी छान येते. बल्ब पेटल्यावर अजून थोडं पुढे सरकलात तर मागचा प्री-स्टेज विझतो, त्याला डीप म्हणतात, आरटी साधारण ०.०५ ने सुधारतो आणि ईटी साधारण तेवढीच बिघडते. काही ठिकाणी डीप स्टेजला परवानगी नसते, ड्रायव्हर्स ब्रीफिंगमध्ये सांगतात, झोपा काढू नका. आता खरी मेख, वरचंच गणित घ्या, २५ सेंटीमीटरच्या जागी साडेबावीस, म्हणजे चाक फक्त एक इंच पुढे उभं राहिलं, तर आरटीत ०.०१५ चा फरक पडतो. एका इंचाने! भाचा नेमका ०.०१५ ने हरला होता. म्हणजे तुम्ही दर वेळी वेगळ्या जागी स्टेज होत असाल तर तुमच्या बोटांचा सराव किती झालाय याला अर्थच राहत नाही, कारण आकडा बोटांचा नसून जागेचा येतोय. म्हणून प्री-स्टेज पेटला की थांबा. एक श्वास. मग पायाने ढकलत नाही, इंजिनवर, क्लचच्या जोरावर अगदी हळू सरका, बल्ब पेटताक्षणी थांबा. दर वेळी असंच. चाकाचा व्यास बदलला, पुढच्या टायरमधली हवा बदलली, तरी रोलआउट बदलतो, मोठ्या चाकाला जास्त सरकावं लागतं.

गाडीतली फुकटची कामं पण आहेत. क्लच केबलचा फ्री प्ले (ढिलेपणा) कंपनीच्या मर्यादेत पण कमीत कमी ठेवा, चेन योग्य ताणलेली, लिव्हर बोटाच्या जवळ. एका की दोन बोटांनी क्लच धरता ते ठरवून टाका आणि बदलू नका. ग्लोव्हज तेच, सरावाला पण तेच, पातळ ग्लोव्हजवर सराव करून रेसला जाड घातले तर बोटाला बाईट पॉइंट वेगळा लागतो.

सराव कुठे करायचा, हा प्रश्न येतो, आणि इथे मला मनापासून एक सांगायचंय. सुपर कॉरिडॉरवर रात्री करू नका. रस्ता रुंद आहे, मोह होतो, मी समजू शकतो, मी पण त्या वयाचा होतो, माझ्या एका मित्राचं अशाच एका रात्री कुत्रं आडवं आलं आणि खांद्याचं हाड तीन ठिकाणी मोडलं, तो आजही उजवा हात पूर्ण वर करू शकत नाही. तिथे थांबायला मोकळी जागा नाही, अ‍ॅम्ब्युलन्स उभी नाही, समोरून येणाऱ्या माणसाला तुम्ही रेस करताय हे माहीत नाही. आणि नुसतं कौशल्याचं बोलायचं तरी, मित्राने हात खाली केला की सुटायचं ही सवय ट्रीवर उलट नडते, कारण हात कधी पडेल ते माहीत नसतं आणि तुम्ही दचकून सुटायला शिकता. पीथमपूरला नॅट्रॅक्स आहे, ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला, इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांची बाहा स्पर्धा तिथे झालीय, पण मुळात ती टेस्टिंगची जागा, आपण संध्याकाळी गाडी काढून जाऊ अशी नाही.

मग घरी. मोबाइलवर प्रॅक्टिस ट्रीची अ‍ॅप्स मिळतात. त्यातला आकडा खरा धरू नका, स्क्रीन आणि टच दोन्ही आपापला वेळ खातात. मी जेल रोडवरून एलईडी आणि एक छोटा मायक्रोस्विच आणून जुन्या क्लच लिव्हरला बसवला होता, एका ओळखीच्या पोराने प्रोग्राम टाकून दिला, सगळं मिळून काही शे रुपयांत झालं आणि त्याने मला जितकं शिकवलं तितकं कोणत्याच पार्टने नाही, कारण बोट तेच, लिव्हर तीच. रोज दहा वेळा, सकाळी, तेवढंच. दोनशे वेळा केलंत तर शेवटचे दीडशे थकलेल्या डोक्याचे असतात.

आणि त्या दहातला सगळ्यात चांगला आकडा मित्रांना पाठवू नका, सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट यातला फरक लिहून ठेवा. हाच तुमचा खरा दर्जा. समजा दहा वेळात ०.००५ पासून ०.०९० पर्यंत येतंय, म्हणजे फरक ०.०८५. आता तुम्ही ०.००० च्या मागे लागलात तर अर्धे लाल लागणार, हे गणितच आहे, नशीब नाही. तुमची सरासरी ०.०५० च्या आसपास ठेवा, मग लाल क्वचित लागेल. फरक कमी होत ०.०४० वर आला की सरासरी ०.०२५ वर आणता येते. आधी फरक कमी, मग सरासरी खाली, हा क्रम उलटा केला की माणूस वर्षभर लाल आणि ०.१५० यांच्यात झोके घेत राहतो. लाल लागल्यावर काय होतं ते पण सांगतो, -०.००४ लागला की पुढच्या राउंडला माणूस घाबरून ०.१२० काढतो. अरे, -०.००४ आणि ०.००४ हे जवळजवळ एकच लाँच (सुटणं) आहे, हाताने काम बरोबर केलं होतं. बदलायचंच असेल तर अर्धा इंच शॅलो उभे राहा, हाताच्या कामाला हात लावू नका.

आता रेसच्या दोन दिवसांबद्दल. इंदूरवाल्यांची पहिली अडचण म्हणजे अंतर. आंबी व्हॅलीच्या एअरस्ट्रिपवर जायचं असो नाहीतर चेन्नईला, गाडी पिकअपमध्ये टाकायची, रात्रभर सेंधवा, बिजासन घाट, धुळे करत जायचं आणि सकाळी डोळे चोळत स्क्रुटिनीच्या (गाडीच्या तपासणीच्या) रांगेत उभं राहायचं, हे आम्ही वर्षानुवर्षं केलं. झोप कमी झाली की सरासरी रिअ‍ॅक्शन थोडाच बिघडतो, पण मधूनच एखादा लाँच भयंकर उशिरा पडतो, मेंदू क्षणभर तिथे नसतोच, आणि नॉकआउट राउंडमध्ये तो एकच पुरतो. म्हणून एक दिवस आधी पोचा. दोन ड्रायव्हर ठेवा, ज्याला रेस करायची त्याने रात्री गाडी चालवू नये. आदल्या रात्री हलकं जेवा, सकाळी रोज घेता तेवढाच चहा, कधी न पिणाऱ्याने तिथे जाऊन एनर्जी ड्रिंकचे दोन कॅन लावू नयेत, हात थरथरतो. पाणी सकाळपासून थोडं थोडं, लेदर सूटमध्ये घामाने किती जातं ते कळत नाही.

चेन्नईला जाणाऱ्या टू-स्ट्रोकवाल्यांनी हे नीट वाचा. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, चेन्नई समुद्राला लागून. तिथे हवा दाट. इथे सेट केलेला कार्ब्युरेटर तिथे लीन होतो, म्हणजे हवा जास्त पेट्रोल कमी, आणि टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइल पण कमी पोचतं, पिस्टन सीझ होतो, म्हणजे अडकून बसतो. मेन जेटचे (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं भोक) एक-दोन मोठे नंबर बरोबर न्या, पहिल्या रननंतर प्लग काढून रंग बघा. फ्युएल इंजेक्शनवाल्या गाड्या हे स्वतः सांभाळतात. ऊन पण धरा, सकाळी २० डिग्री आणि दुपारी ४० असेल तर हवा सहा टक्क्यांच्या वर पातळ होते, चौदा सेकंदांच्या गाडीला दीड ते तीन दशांश सेकंद सहज जास्त लागतात. दुपारची ईटी बिघडली म्हणून गाडी खोलून बसणारे मी बघितलेत, गाडीला काही झालेलं नसतं, ऊन चढलेलं असतं. बाकी ताकदीचं वेड आपल्या गावाला जुनंच, इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकात सुपरचार्जरवाली ड्युसेनबर्ग गाडी बनवून घेतली होती, तेव्हा इंजिनात हात घालायची इच्छा होणारच, पण पिटमध्ये (गाड्या तयार करायच्या जागेत) ती आवरा. घरून जी गाडी नेली तीच चालवा. बदल करायचाच तर एका रनमध्ये एकच. टायर प्रेशर, लाँच आरपीएम, स्प्रॉकेट तिन्ही एकदम बदललं आणि ईटी सुधारली तर कशाने सुधारली हे देवालाच माहीत.

बदल झाला की साठ फुटांचा आकडा बघा, स्लिपवर असतो, पहिल्या साठ फुटांत किती वेळ गेला तो. लाँच कसा झाला हे तोच सांगतो, शेवटचा स्पीड इंजिनबद्दल सांगतो. साठ फूट बिघडला आणि स्पीड तोच, म्हणजे चाक घसरलं किंवा क्लच नीट सुटला नाही. स्पीडच पडला तर हवा नाहीतर इंजिन.

प्रॅक्टिस रन म्हणजे शो नाही. पहिला रन शांतपणे, नेहमीच्या आरपीएमवर, नुसता ट्री आणि रस्ता समजून घ्यायला. बर्नआउटसाठी (चाक जागेवर फिरवून टायर तापवायला) पाणी टाकलेलं असतं, तिथे रस्त्यावरचे खाचांचे टायर असतील तर बाजूने जा, खाचांमधून पाणी स्टार्ट लाइनपर्यंत येतं आणि मग तिथेच चाक घसरतं. चाक जरा फिरवून धूळ झटका, पुरे, धुराचा फोटो नंतर काढू.

आणि क्रम. तुमचा क्रम ठरवा आणि दर रनला तोच ठेवा, यात माझी अजिबात तडजोड नाही. माझा असा आहे, आपल्या पुढे चार जोड्या उरल्या की पाणी, तीन उरल्या की हेल्मेट (त्याआधी नाही, डोकं तापतं), मग ग्लोव्हज, आधी डावा, दोन उरल्या की इंजिन, मग चाक झटकणं, प्री-स्टेज, दोनदा डोळे मिटणं, लांब श्वास सोडणं, आरपीएम, क्लच, स्टेज. अंधश्रद्धा वाटेल, पण यामुळे छाती धडधडत असतानाही शरीराला पुढचं काम माहीत असतं, आणि डोकं त्या एका पिवळ्या बल्बसाठी रिकामं राहतं. समोरचा मुद्दाम स्टेज व्हायला वेळ लावतो, होतं असं, तेव्हा आरपीएम धरून बसू नका, क्लच तापतो, प्री-स्टेजला शांत थांबा. मात्र काही ठिकाणी एक जण स्टेज झाला की दुसऱ्याला ठराविक सेकंदच मिळतात, तो नियम आधी माहीत करून घ्या.

ब्रॅकेट रेस असेल तर अजून एक पेच असतो, त्यात आपली ईटी आधी जाहीर करायची, हळू गाडीला आधी सोडतात, आणि जाहीर केल्यापेक्षा फास्ट गेलात तर ब्रेकआउट म्हणून हरता. म्हणजे तिथे गाडीची ताकद जवळपास बाद, जो आरटीत सारखेपणा ठेवतो तोच पुढे जातो. तुम्ही फास्ट गाडीवर असाल तर समोरच्याचा ट्री आधी चालू होईल, त्याच्याकडे बघितलंत की त्याच्या हिरव्यावर तुम्ही सुटाल. भरपूर चांगली माणसं अशी लाल झालीत.

रेषा पार झाल्यावर लगेच पुढचा ब्रेक दाबू नका, आधी थ्रॉटल सोडा, अंगाने ताठ व्हा, वाऱ्याला ब्रेक मारू द्या, मग दोन्ही ब्रेक हळूहळू, आणि वळायच्या आधी दुसऱ्या लेनवाला कुठे आहे ते बघा.

परत पिटमध्ये आलात की हेल्मेट काढल्यावर पहिलं काम वही. मोबाइल नको, मोबाइल उघडला की मेसेज दिसतात. वेळ, ऊन, टायरमधली हवा, आरपीएम, शॅलो की डीप, आरटी, साठ फूट, ईटी, स्पीड, आणि शेवटी एक ओळ, स्लिप बघायच्या आधी तुम्हाला लाँच कसा वाटला होता. ही ओळ सगळ्यात कामाची. "एकदम लवकर सुटलो" असं लिहिलंय आणि स्लिपवर ०.११० आलाय, असं चार-पाच वेळा झालं की कळतं आपल्या अंदाजात किती खोट आहे, आणि हळूहळू अंदाज आणि आकडा जवळ येऊ लागतात. तो दिवस आला की स्लिप बघायच्या आधीच माणूस सांगू शकतो, ०.०४० च्या आसपास असेल.

भाच्याला मी एक दोनशे पानी वही दिलीय आणि तो मायक्रोस्विचवाला लिव्हर दिलाय. अकरा दिवस झाले, रोज दहा. पहिल्या दिवशी फरक होता ०.१४०, काल ०.०७०. एक्झॉस्टचा विषय त्याने काढला होता, मी म्हटलं ०.०५० च्या खाली येऊ दे, मग बोलू.